मस्टरमधला जन्मसालाचा रकाना

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका प्रेस शॉपमधली, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग करणाऱ्या कारखान्यातली गोष्ट. दुचाकीला लागणाऱ्या एका ब्रॅकेटचं काम तिथं कित्येक वर्षं बिनबोभाट चालू होतं. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, तीच, प्रेस तोच, पत्राही त्याच जाडीचा. आणि एके दिवशी ब्रॅकेटची डावी बाजू कमी वळायला लागली. उजवीकडं बरोबर काटकोन, डावीकडं दोनेक अंश उघडा. डाय उतरवली, साफ केली, परत चढवली. तेच. पत्र्याचा लॉट बदलून बघितला. तेच. तीन आठवडे माल परत येत होता आणि मालकाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

शेवटी कुणीतरी म्हणालं, मामांना फोन लावा. मामा म्हणजे तिथले डाय सेटर, दोन महिन्यांपूर्वीच रिटायर होऊन फुलंब्रीकडं गावी गेलेले. फोनवर मामा आधी हसले. मग म्हणाले, "माझ्या कपाटात चष्म्याची जुनी डबी असंल बघा. तिच्यात पितळेची शिम हाय. ती डायच्या डाव्या अंगाला खाली सारा." डबी सापडली, शिम म्हणजे पितळेची पातळ पट्टीही सापडली, तासाभरात माल पास व्हायला लागला. प्रेसचा बोल्स्टर, म्हणजे ज्यावर डाय बसते ती प्लेट, डावीकडं कधीचीच झिजलेली होती. मामांनी मापाची पट्टी कापून ठेवली होती आणि दर सेटिंगला ती गुपचूप सरकवत होते. गुपचूप म्हणजे लपवून नव्हे हां. त्यांना ती सांगण्यासारखी गोष्टच वाटली नव्हती, आणि विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

'बदलत्या मनुष्यबळासाठी संस्था सज्ज करणे' हा विषय अलीकडं परिषदांमध्ये फार चालतो. पडद्यावर रंगीत बाण येतात, दुपारी जेवण चांगलं असतं. मी पंचवीसेक वर्षं वाळूज आणि चिकलठाण्याच्या कंपन्यांत पर्सोनेल आणि ट्रेनिंगचं काम केलं, आता लहान कारखान्यांना सल्ला देत फिरतो. मला कुणी हा विषय सोपा करून सांगा म्हटलं, की मी चष्म्याच्या डबीपासून सुरुवात करतो. माणूस जातो तेव्हा त्याच्याबरोबर काय जातं, आणि नवा येतो तो कसा असतो, या दोन प्रश्नांत बराचसा विषय येतो.

पाहुणा तारीख सांगून येतो

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना 1985 साली सुरू झाला. चिकलठाण्याची एमआयडीसी त्याआधीची, पण वाळूजनं शहराची चालच बदलली. गंगापूर, पैठण, वैजापूरकडची पोरं आयटीआय करून गेटावर उभी राहिली. 1985 ला जो 20-22 वर्षांचा होता, त्याचा जन्म 1963 ते 1965 मधला. निवृत्ती 58 ला धरा की 60 ला, तो 2025 पर्यंत घरी गेला. मोठ्या कारखान्याच्या आधारानं सुटे भाग करणारी छोटी युनिटं उभी राहिली, त्यांच्याकडं 1990 च्या सुमारास लागलेली माणसं 2030 पर्यंत सुटतील. यात भविष्य सांगण्यासारखं काही नाही. मस्टरमध्ये, म्हणजे हजेरीपटात, किंवा पीएफच्या कागदांत प्रत्येकाची जन्मतारीख आहे. पाऊस कधी येईल ते सांगता येत नाही, पण रिटायरमेंटचा पाहुणा तारीख सांगून येतो. तरीही दारात आला की धांदल उडतेच.

म्हणून पहिलं काम अगदी साधं. एक कोरा कागद घ्यायचा आणि सगळ्यांची नावं जन्मसालाप्रमाणं लावायची. 60 माणसांचं युनिट असेल तर अर्धा तास लागतो. मी हे जिथं जिथं करून घेतलं, तिथं बहुतेक ठिकाणी कागदावर एकच चित्र उमटलं: एक गठ्ठा पन्नाशी ओलांडलेल्यांचा, दुसरा पंचविशीच्या आतबाहेरचा, आणि मधे ओसाड रान. चाळिशीतली माणसं बोटावर मोजण्याइतकी. कारण उघड आहे. मधल्या काळात परमनंट भरती थांबली आणि ठेकेदाराकडून माणसं घेणं सुरू झालं.

हे ओसाड रान दिसतं त्यापेक्षा महागात पडतं. पूर्वी विशीतलं पोरगं तिशीतल्याकडून शिकायचं, तिशीतला चाळिशीतल्याकडून. एकेक पायरी होती. आता 57 वर्षांच्या मामांना एकदम 21 वर्षांच्या पोराला शिकवायचंय. मामा 'सूत' आणि 'दोरा' अशा जुन्या मापांत बोलतात, पोरगं डिजिटल व्हर्नियरशिवाय बोलत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि संवाद मात्र शून्य.

याच कागदावरून पैशाचंही गणित दिसतं, ते लहान मालक हमखास विसरतात. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सुटताना द्यायच्या एकरकमी पैशाचा हिशोब असा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं. कुणाचा शेवटचा आकडा 20,000 असेल आणि 25 वर्षं झाली असतील, तर होतात सुमारे 2 लाख 88 हजार. असे 8 जण एकाच वर्षात सुटले की 23 लाख रोख लागतात. एकाच वर्षी लागलेली माणसं एकाच वर्षी सुटतात, एवढीच त्यातली मेख. आधी माहीत असेल तर दरवर्षी थोडं बाजूला टाकता येतं, नसेल तर नव्या मशीनसाठी ठेवलेल्या पैशाला हात लागतो.

यादी झाली की तिच्यापुढं दुसरा रकाना आखायचा: 'हा नसेल तर काय थांबतं?' इथं पदनाम लिहायचं नाही. 'सीनियर ऑपरेटर' लिहिल्यानं काहीच कळत नाही. 'कॉम्प्रेसर सकाळी सुरू होत नसेल तर यालाच जमतं', 'पुण्याच्या ग्राहकाचा इन्स्पेक्टर याचंच ऐकतो', 'जुन्या डायची ड्रॉइंग कुठंत हे यालाच ठाऊक' असं लिहायचं. हा रकाना साहेबांनी भरू नये. लाइनवरच्या पोरांना विचारावं, ते दहा मिनिटांत खरं सांगतात.

सातव्या महिन्यातला ब्रेक

आता अवघड जागेचं दुखणं.

जिकडं जावं तिकडं मालक म्हणतात, माणसं मिळत नाहीत. मी विचारतो, मागच्या दिवाळीत लाइनवर होती ती कुठं गेली? उत्तर येतं, "ब्रेक दिला." हा ब्रेक काय असतो, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. औद्योगिक कायद्यात वर्षभरात 240 दिवस काम भरलं की ती सलग वर्षाची नोकरी धरली जाते आणि त्यावर काही हक्क उभे राहतात. ते उभे राहू नयेत म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात पोराला घरी बसवायचं आणि पुढं जमलं तर दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर परत घ्यायचं, ही जुनी रीत. कागद स्वच्छ राहतात. पण प्रेसवर हात बसायला चार-पाच महिने लागतात. म्हणजे पोरगं कामाला येऊ लागलं, की तेवढ्यात गेटाबाहेर. विहीर खणायची, पाणी लागलं की बुजवायची, आणि पुन्हा शेजारी दुसरी खणायला घ्यायची.

याचा दुसरा परिणाम शिकवणाऱ्यावर होतो. मामांना एकदा मी विचारलं होतं, तुम्ही पोरांना हाताशी का धरत नाही? म्हणाले, "कोनाला धरू साहेब? नाव पाठ होईस्तोवर लेकरू निघून जातंय." यात जुन्या माणसाच्या मनातली भीतीही मिसळलेली असते, की आपलं सगळं देऊन टाकलं तर आपली गरज उरणार नाही. ती भीती खोटी आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. काही ठिकाणी तसं झालेलं मी बघितलंय.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या काही गोष्टी थेट या दुखण्याशी जोडलेल्या आहेत. ठरावीक मुदतीवर नेमलेल्या माणसाला आता पाच वर्षं थांबावं लागत नाही, एक वर्ष भरलं की त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. त्याच कामावरच्या परमनंट माणसाला ज्या सवलती, त्याच त्याला. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं. चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करायची. मालकमंडळींत यावर बरीच कुरकुर ऐकू येते. माझं मत वेगळं आहे. दोन-तीन वर्षांच्या मुदतीचं सरळ पत्र दिलं तर ठेकेदाराचं कमिशन वाचतं, पोरगं टिकतं, आणि मामांनाही वाटतं की याला शिकवण्यात अर्थ आहे. ग्रॅच्युइटीचा वाढलेला खर्च रिजेक्शनच्या ढिगाशेजारी ठेवून बघा, मग बोलू.

अप्रेंटिसचंही तसंच. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. 60 च्या युनिटला म्हणजे 2 ते 9. केंद्राच्या योजनेतून स्टायपेंडच्या 25 टक्के, जास्तीत जास्त 1,500 रुपये महिना, एवढा भार सरकार उचलतं. बरेच जण हे कायद्याचं लचांड म्हणून दोन पोरं घेतात आणि त्यांना झाडू मारायला, चहा आणायला लावतात. वर्षानं तेच विचारतात, आयटीआयवाल्या पोरांना काही येत कसं नाही?

हातातलं डोक्यात, डोक्यातलं दुसऱ्याच्या हातात

शिकवण्याची आपल्याकडची सर्रास पद्धत: "त्याच्याजवळ थांब आन् बघ." बघून सायकल येत नाही, डाय सेटिंग काय येणार?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतली कसलेली माणसं लढाईवर गेली आणि कधी मशीन न पाहिलेली माणसं, त्यांत बायकाही पुष्कळ, कामावर आली. तेव्हा शिकवायची एक चार टप्प्यांची रीत बसवली गेली. युद्धानंतर ती जपानला गेली आणि तिथं चांगलीच रुजली. आधी शिकणाऱ्याला मोकळं करायचं आणि त्याला काय येतं ते विचारायचं. मग आपण करून दाखवायचं, एका वेळी एकच टप्पा, आणि 'असंच का' हेही सांगायचं. तिसऱ्यांदा त्याच्याकडून करून घ्यायचं, पण त्यानं तोंडानं बोलत बोलत करायचं. शेवटी त्याला एकटं सोडायचं आणि येऊन-जाऊन बघत राहायचं.

यात सगळी जादू 'असंच का' मध्ये आहे. मामांना नुसतं "कसं करता" विचारलं तर ते म्हणतील, डाय ठेवतो, बोल्ट आवळतो. शिम मधे येणारच नाही, कारण त्यांच्या हाताला ती आपोआप सुचते. शेजारी उभं राहून दर हालचालीला 'हे का केलं?' विचारलं, की मग पट्टी बाहेर येते. म्हणून मी सांगतो, रिटायर व्हायच्या आधी किमान सहा महिने जोडी लावा. आठवड्यातून दोन दिवस पोरानं सेटिंग करायची आणि मामांनी खिशात हात घालून उभं राहायचं. हे खिशात हात घालणं मामांना सगळ्यात जड जातं. मोबाइलवर दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढा, बोलणं मामांच्याच भाषेत राहू द्या, आणि मशीनच्या नंबरानं साठवा. रिटायर झाल्यावरही महिन्यातून दोन दिवस मानधन देऊन बोलवा. त्यात खर्च कमी आणि मान मोठा.

प्रगती मोजायला स्किल मॅट्रिक्स नावाचा तक्ता असतो. उभ्या ओळीत माणसं, आडव्या ओळीत कामं, आणि प्रत्येक चौकटीत चार भागांचा एक गोल. पाव गोल काळा म्हणजे शिकतोय, अर्धा म्हणजे कुणी बाजूला असेल तर करतो, पाऊण म्हणजे एकटा करतो, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. फार उपयोगी चीज. फक्त ग्राहकाच्या ऑडिटच्या आदल्या रात्री रंगवलेली नसावी. मी एका ठिकाणी सगळेच गोल पूर्ण काळे बघितले होते. विचारलं तर त्यातली दोन माणसं नोकरी सोडून गेलेली निघाली.

नवी माणसं वेगळी आहेत, बिघडलेली नाहीत

"आजकालच्या पोरांना कामच नको" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर मान डोलावणंही सोडून दिलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर 1.7 निघाला. लोकसंख्या टिकायला 2.1 लागतो. घरात दोन लेकरं, ती शिकलेली, त्यांच्यावर आई-बापांनी खर्च केलेला. गेटावर दोनशे जण उभे राहायचे ते दिवस परत येणार नाहीत.

लाइनवरच्या पोरांशी बोला. एक जण पहाटे पाचला पोलीस भरतीसाठी धावतो आणि मग फर्स्ट शिफ्टला येतो. एकाचं गंगापूर तालुक्यात तीन एकर वावर आहे, सोयाबीन काढणीला तो जाणारच. लातूर-धाराशिवकडची माणसं येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येच्या वावरातल्या सणाला, थांबवून थांबत नाहीत, थांबवूही नये. महालक्ष्म्या, लगीनसराई ठरलेली. जालन्याच्या स्टील मिलमध्ये उत्तर प्रदेश-बिहारची माणसं भट्टीवर असतात, ती होळी आणि छठला गाडी पकडतात. यातली एकही गोष्ट अचानक येत नाही. कॅलेंडरच्या पानापानावर छापलेली असते. तरी दरवर्षी सुपरवायझर कपाळाला हात लावतो. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाकडून 'मी या दिवसांत नसणार' एवढं लिहून घेतलं आणि त्या दिवसांसाठी दुसऱ्या कामाची माणसं आधी शिकवून ठेवली, तर निम्मी डोकेदुखी संपते.

मुलींचं थोडं सविस्तर सांगायला हवं. वायर हार्नेस, इलेक्ट्रॉनिक जोडणी, औषधांचं पॅकिंग अशा कामांवर बारावी झालेल्या मुली वाढल्यात. नव्या संहितेप्रमाणं त्यांची संमती आणि सुरक्षेची सोय असेल तर रात्रपाळीही देता येते. पण संमती कागदावरच्या सहीनं येत नाही. मागं एका युनिटला दुसऱ्या पाळीला मुली टिकत नव्हत्या. पगार वाढवला, तरी नाही. मी एका रात्री 12 ला सुटणाऱ्या बसमध्ये बसलो. बस रांजणगाव शेणपुंजीच्या मुख्य रस्त्यावर मुलींना सोडायची, पुढचा दहा मिनिटांचा अंधारा रस्ता त्यांचा त्यांनी. एकीचे वडील रोज मोटारसायकल घेऊन उभे असायचे. त्यांना सकाळी सहाला स्वतःच्या कामावर जायचं होतं. किती दिवस उभे राहतील? छोटी गाडी लावून गल्लीच्या तोंडापर्यंत सोय केली, आणि गळती थांबली. बाकी 10 किंवा जास्त माणसं असतील तिथं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, 50 किंवा जास्त असतील तिथं पाळणाघर हवं, हा कायदा आहेच. स्वच्छ बाथरूम कायद्यात आहे म्हणून बांधावं लागावं, याची मात्र लाज वाटते.

यंत्रांबद्दल फार लिहीत नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. एवढंच लक्षात ठेवा, की यंत्र सहसा अख्खी नोकरी खात नाही, तिच्यातली काही कामं खातं. इलेक्ट्रिक दुचाकीत पिस्टन, क्रँकशाफ्ट, सायलेन्सर नसतात, पण चेसिस, ब्रेक आणि कंसासारखे वळलेले ब्रॅकेट असतातच. आपला माल कुठल्या बाजूचा, हे आधी बघावं. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिकमध्ये, म्हणजे शहराजवळच्या नव्या औद्योगिक वसाहतीत, मोठे प्रकल्प येऊ घातलेत. एथर एनर्जी आणि टोयोटा किर्लोस्कर, दोघांचीही बिडकीनची बातमी 2024 ची. ते सुरू झाले की पहिली ओढ लागेल ती वाळूजच्या छोट्या युनिटांमधल्या शिकलेल्या पोरांना. पगारात त्यांच्याशी बरोबरी होणार नाही. पण एका पोराला तीन मशीनं शिकवणं, त्याला वर्षभराआधी पुढची पायरी सांगणं, हे लहान मालकाला मोठ्यापेक्षा लवकर जमतं.

आणि हे फक्त कारखान्यांचं नाही. उदगीरकडच्या एका पतसंस्थेत वसुलीचे एक काका होते. कुणाकडं तूर विकल्यावर जायचं, कुणाकडं पोरीचं लग्न होईपर्यंत जायचंच नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात. ते रिटायर झाल्यावर संस्थेनं नवं सॉफ्टवेअर घेतलं. सॉफ्टवेअरनं सगळ्यांना एकाच दिवशी नोटिसा पाठवल्या.

मागच्या महिन्यात त्याच प्रेस शॉपमध्ये गेलो होतो. मामांची शिम आता डायच्याच रॅकवर एका छोट्या डबीत आहे, वर नंबर टाकलाय. मालकांनी जन्मसालाची यादी पुढं ठेवली, मन लावून केलेली. मी वरून खाली वाचली आणि म्हटलं, एक नाव राहिलंय. त्यांनी दोनदा मोजली. मी म्हटलं, तुमचं.

आधी ते हसले. मग पेन घेऊन सगळ्यात वर स्वतःचं नाव लिहिलं, पुढं 1962. 'काय थांबतं' च्या रकान्यात लिहायला लागले: कोटेशनचे दर, बँकेची लिमिट, स्टीलवाल्याची उधारी, ग्राहकाच्या पर्चेसवाल्याशी बोलणं... चौकट भरली. तेव्हा त्यांनी कागद उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूला लिहायला घेतलं.